बाराचा बार

"खोटं कसं म्हणता, बाबा? गोष्ट खरीच आहे. नाही तो फक्त कागद."

मांडीशी पितळी खलबत्ता घेऊन गिरीबाबा पान कुटत बसले होते. दात केव्हाच गेले, पानाची तलफ मात्र गेली नव्हती.

"म्हणजे खऱ्या गोष्टीला खोटा कागद," ते म्हणाले.

"कागदही जुनाच आहे. जुन्नरी, हातानं केलेला. दरबारच्या दप्तरात कोरा निघाला. शाईसुद्धा मी घरी केलीय, काजळ आणि डिंक घोटून, तुम्ही शिकवली होती तश्शी. बोरू तुमचा, हात तुमचा. शिवाय तुम्ही त्या वेळी इथंच होता. मग खोटं राहिलं काय?"

"तारीख."

"तारीख... त्या वेळची घालायची."

"हं," बाबा म्हणाले आणि पुन्हा कुटायला लागले.

वामनराव ढमढेऱ्यांचे कान तापले. आयुष्यभर या माणसानं दुसऱ्यांचे बनावट कागद पकडले. खोटी सनद नुसत्या वासावरून ओळखतो, अशी त्यांची ख्याती. आणि तेच वामनराव आज कोरा कागद छातीशी धरून मठाच्या पायऱ्या चढून आले होते, तेही कोणी पाहत नाही ना, अशी इकडेतिकडे नजर टाकत. माणसावर कधी काय वेळ येईल, देव जाणे.

पण आधी ही माणसं कोण ते सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा बुवा मध्येच सुरू झाला.

हेमनेर ही एके काळची राजधानी. राजा गेला, दरबार गेला, आता ते नुसतं तालुक्याचं गाव. राजवाड्यात मामलेदार कचेरी बसते, हत्तीखान्यात एसटीच्या गाड्या उभ्या राहतात, आणि जिथं पागा होती तिथं दूध डेअरीचे कॅन खडखडतात. तरी आसपासच्या खेड्यांतली म्हातारी माणसं अजून "राजधानीला जाऊन येतो" असंच म्हणतात. आणि जातात कशाला, तर मिरच्या आणायला! पण ऐकताना बरं वाटतं. कुठंतरी अजून दिवा जळतोय असं वाटतं.

गावाच्या उत्तरेला बुरूज, आणि बुरुजाच्या पायथ्याशी गोसाव्यांचा मठ. चेतनगिरी तिथले महंत, गावाचे गिरीबाबा. वय नव्वदीच्या पलीकडे. दरबार होता तोवर ते तिथल्या पोरांना मोडी शिकवायचे. वामनराव हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी, आणि सगळ्यात हुशार. सगळ्यात ताठही तोच, असं बाबा त्याच्या तोंडावर म्हणायचे.

पुढं वामनराव शहरात प्राध्यापक झाले. राजधानीचा इतिहास लिहायचा, हा त्यांचा ध्यास. दरबारच्या दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, त्यांनी एकेक सोडून वाचली. राजे कोणाशी तह करत होते, लढाईला किती घोडं गेलं, देवळाला तेल कुठून, दर्ग्याला ऊद कुठून, सगळं त्यांना तोंडपाठ. डोळ्यांची वाट लागली, पण ग्रंथ पुरा झाला. प्रुफं पिशवीत होती. दरबार हॉलमध्ये आता संग्रहालय उघडायचं होतं, त्याच्या समितीचे प्रमुखही तेच. हॉलच्या दारात एक शिळा बसणार होती. राजधानीची ज्यांनी चाकरी केली, त्या लहानथोर माणसांची नावं तिच्यावर कोरायची होती.

नियम वामनरावांचाच. कागद दाखवा, नाव लावा.

लोक आले. कोणी आजोबांची तलवार घेऊन आला, कोणी पागोटं, कोणी नुसताच गळा भरून आला. वामनरावांनी सगळ्यांना एकच विचारलं, "कागद आहे?" नसेल तर नमस्कार.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या बापाचा कागद नाही.

रखमाजी ढमढेरे हे बुरुजावरचे तोफची. रोज दुपारी बाराला तोफ उडवायची, हे त्यांचं काम. पण तोफखान्याचा रुमाल सोडला, तर आतून वाळवीची माती पडली. बाकी रुमाल धड, हाच नेमका गेलेला. वामनरावांनी दुसरीकडं शोधलं, उलटंपालटं करून शोधलं. राजाच्या पोपटाला डाळिंब किती, हे सापडलं. रखमाजी सापडले नाहीत.

पाथरवट छिन्नी घेऊन खोळंबला होता. दोन दिवसांत यादी द्यायची होती.

म्हणून हा कोरा कागद.

"दोनच ओळी, बाबा," वामनराव म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "रखमाजी ढमढेरे, तोफची, उत्तर बुरूज. बस्स. मला दुसरं काही नको. सगळ्या गावाची नावं लागणार आणि माझ्या तात्यांचं नाही... मी रोज त्या शिळेपुढून कसा जाऊ?"

बाबांनी खलबत्ता बाजूला ठेवला.

"नगारची होता ना, बालेखान. त्याची लेक आली होती तुझ्याकडं?"

"हुसेनबी? आली होती."

"काय घेऊन?"

"टिपऱ्या. बापाच्या नगाऱ्याच्या."

"कशा होत्या?"

"झिजलेल्या होत्या. धरायच्या जागी बोटांचे खळगे पडले होते."

"मग तू काय म्हणालास?"

वामनराव कागदाची कड सारखी करायला लागले.

"वामन्या, काय म्हणालास?"

"कागद आणा म्हणालो."

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसता हात पुढं केला. "आण तो कागद."

वामनरावांना खरंच वाटेना. घाईघाईनं त्यांनी पाट पुढं सरकवला, त्यावर कागद पसरला, दौत उघडली. बाबांनी बोरू बुडवला. मग तो कागदाला टेकवला आणि न थांबता ओढला. डावीकडून उजवीकडं, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक सरळ रेघ.

मोडीची रीतच ती. आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. लहानपणी या रेघेपायी वामनरावांनी कितीदा कान पिळून घेतला होता. रेघ वाकडी तर सगळं घराणं वाकडं, असं बाबा म्हणायचे. त्या ओल्या रेघेकडं बघताना त्यांना एकदम आपली पाटी आठवली, मठातली शेणानं सारवलेली जमीन आठवली, आणि बरं वाटलं.

बाबांनी बोरू खाली ठेवला.

"लिहा ना, बाबा."

"वाळू दे. घाई काय आहे? तोवर तुझं पुस्तक दाखव."

वामनरावांनी प्रुफं काढली. काही झालं तरी ग्रंथकार तो. गुरूच्या हातात आपलं पुस्तक जाताना छाती थोडी फुगलीच. बाबांनी चष्मा पुसला, पानं नाकाजवळ धरली आणि सावकाश उलटत राहिले.

"तोफेचं लिहिलंयस?"

"लिहिलंय तर! साहेब आला की सलामीचे बार किती द्यायचे, यावरून दरबारात जे भांडण झालं, त्याच्यावर एक आख्खं प्रकरण आहे."

"आणि रोजच्या बाराचं?"

"त्याचा कागद नाही."

"हं." बाबांनी पान खाली केलं आणि बुरुजाच्या दिशेनं बघितलं. "धाकली म्हणायचे तिला. थोरली कुठल्याशा लढाईत फुटली. धाकली लहान, पण आवाज असा, की पाण्याच्या घागरीत तरंग उठायचा. बार झाला की अंबाबाईच्या देवळात नैवेद्य आत जायचा. शाळेत मास्तर छडी खाली ठेवायचे. रमजानात तर संध्याकाळी आणखी एक बार. पलीकडल्या मोमीनआळीत माणसं खजूर हातात धरून बुरुजाकडं डोळे लावून बसायची. तुझा बाप वात लावायच्या आधी एकदा खाली बघायचा. कोणी म्हातारं अजून वाटेवर लगबगीनं चाललंय का. असलं, तर जरा दम धरायचा."

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस."

वामनराव म्हणाले, "मी तो आवाज ऐकलाच नाही, बाबा. मला कळायला लागायच्या आत तोफ बंद झाली."

हे खरं होतं. महायुद्ध सुरू झालं, सरकारनं दारूगोळा गोळा केला, आणि दरबारचा हुकूम सुटला, की बाराचा बार बंद. हेमनेरची पोरं पलटणीत भरती होऊन निघाली, त्या दिवशी उरलीसुरली दारू भरून रखमाजींनी शेवटचा बार काढला. वेशीबाहेर गेलेल्या पोरांनी मागं वळून बघितलं म्हणतात. त्यातली जी परत आली नाहीत, त्यांची नावं शिळेवर लागणार होती. त्यांचे कागद होते.

त्यानंतर तोफ मुकी. लढाई संपली, पण दारू काही परत आली नाही. पुढं संस्थानच विलीन झालं.

"आणि तात्या तरी रोज वर जायचे," वामनराव म्हणाले. "नळी पुसायची, तेल लावायचं, बाराला तिच्याजवळ उभं राहायचं आणि खाली यायचं. पोरं मला चिडवायची. ढमढेऱ्याचा ढम गेला, नुसते ढेरे राहिले! मी रडत मावशीकडं जायचो."

आई बाळंतपणातच गेलेली, म्हणून वामनराव वाढले ते कुंभारआळीतल्या मावशीच्या घरी. बाप तोफखान्याच्या दगडी चाळीत, पोर गावात.

"एकदा मी तात्यांना म्हणालो, तुमची तोफ मुकी आहे, तुम्ही कशाला जाता? त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि बुरुजावर नेलं. ऊन मी म्हणत होतं. बारा झाले तसं मला म्हणाले, ऐक."

"मग?"

"मी ऐकलं. म्हटलं, काही नाही. खाली बायकांची भांडी वाजतायत नुसती."

"आणि रखमाजी?"

"हसले. खूप वेळ हसत होते. डोळे पुसले. मला वाटलं, उन्हानं पाणी आलं." वामनरावांनी नाक ओढलं. "वेडे झाले होते बहुतेक. माझे तात्या, बाबा, वेडे झाले होते आणि मला त्यांची लाज वाटायची. आता ती लाजच खाते मला. म्हणून म्हणतो, दोन ओळी लिहा."

बाबा पुन्हा पानं उलटायला लागले. एका पानावर बोट थांबलं.

"हे काय? लोकभ्रम?"

"ते शेवटचं प्रकरण. इथल्या वेडगळ समजुती. मांजर आडवं जाणं वगैरे."

बाबांनी मोठ्यानं वाचलं, शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द सुटा करून. "हेमनेरात दुपारी बारा वाजता शिजलेले अन्न झाकण्याची चाल आहे. देवीची स्वारी वरून जाते असे हिंदू, व पीराचा घोडा जातो असे मुसलमान सांगतात. दरबारी कागदांत यास कसलाही आधार आढळत नाही. सबब ही निव्वळ अंधश्रद्धा होय." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आधार नाही?"

"एका कागदात नाही. मी सगळे रुमाल बघितले."

"तानूबाई!" बाबांनी स्वयंपाकघराकडं हाक दिली.

तानूबाई मठात रांधायची. जवळच्याच खेड्यातून लग्न होऊन गावात आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. पण ती आली तेव्हा राजाही नव्हता आणि तोफही नव्हती. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात उभी राहिली.

"काय वो बाबा? भाकरी तव्यावर हाय."

"दुपारी बाराला कालवण का गं झाकतेस?"

"आता! काय विचारत्यात बघा," ती म्हणाली. "आंबाबाईची स्वारी जाते नव्हं वरनं. तिचा पदर अन्नात पडू नये. सासूनं सांगितलंय."

"आणि सासूला कोणी सांगितलं?"

"तिच्या सासूनं. आणि काय, तुमी?" असं म्हणून ती करपत्या भाकरीकडं पळाली.

"बघा!" वामनरावांनी मांडीवर थाप मारली. मघाचं डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, पण विद्वत्ता काही गप्प बसू देईना. "बघितलंत? विचार नाही, पुसणं नाही. सासूनं सांगितलं, की झालं. आता घरोघर गॅस आला, स्लॅब पडले, बाया बँकेत नोकऱ्या करतात, तरी झाकतात! शहरात माझी बायकोसुद्धा झाकते. मी मुद्दाम लिहिलंय ते. गावाला राग आला तर येऊ दे."

"तू नाही झाकत?"

"मी?" वामनराव हसले. "बाबा, तुम्हीच मला वाचायला शिकवलंत."

बाबांनी प्रुफं त्यांच्या हातात परत दिली. "जेवूनच जा आता," ते म्हणाले.

तानूबाईनं ओसरीवरच दोन ताटं मांडली. हुलग्याचं पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. वर तेलाची धार. वामनरावांच्या उजवीकडं ताट, डावीकडं पाट, आणि पाटावर तो जुन्नरी कागद. कागदाला तेलकट वासही लागू नये, म्हणून त्यांनी पाट वीतभर लांब सरकवला. जुन्या कागदाच्या बाबतीत वामनराव फार कडक. दप्तरात कोणी चहाचा कप आणला, तर अंगावर धावून जायचे.

"रेघ वाळली, बाबा," ते म्हणाले. "जेवण झालं की लिहाल ना?"

"आधी घास तरी घे."

वामनरावांनी भाकरी मोडली. घास पिठल्यात बुडवला.

तेवढ्यात खाली अंबाबाईच्या देवळात बाराची नैवेद्याची घंटा झाली.

आतून आवाज आला. खण्.

तानूबाईनं पातेल्यावर झाकण घातलं होतं.

वामनरावांचा उजवा हात घासासकट थांबला होता. डावा हात मात्र थांबला नाही. तो आपल्याआप बाजूला गेला, जे सापडलं ते त्यानं उचललं, आणि ताटावर घातलं.

मग त्यांनी खाली बघितलं.

ताटावर कागद होता. दरबारचा, जुन्नरी, दीडशे वर्षं कोरा राहिलेला. बाबांची रेघ त्याच्या कपाळावर, आणि मधोमध पिठल्याच्या तेलाचा डाग हळूहळू पसरत चाललेला.

"अरे अरे अरे!" वामनराव किंचाळलेच. कागद उचलायला धावले.

बाबांनी त्यांचं मनगट धरलं. नव्वदीतल्या म्हाताऱ्याची पकड, पण वामनरावांना हात सोडवता येईना.

"ऐक," बाबा म्हणाले.

वामनरावांनी ओढाताण थांबवली. हा शब्द त्यांनी या बुरुजावर एकदा ऐकला होता, बापाच्या खांद्यावर बसून.

त्यांनी ऐकलं.

बुरुजाखालच्या पहिल्या घरात, खण्. त्याच्या पलीकडं, खण्. कुंभारआळीत कुठंतरी स्टीलचं ताट पातेल्यावर पडलं. मोमीनआळीत जड झाकण पडलं, देगचीचं असावं. मग तांबटआळी, मग वेशीकडची नवी वस्ती. आवाज लांब लांब जात गेला, बारीक होत गेला...

मग सगळं गाव गप्प झालं.

वामनरावांचा हात बाबांच्या हातात तसाच होता.

"तू झाकत नाहीस म्हणालास," बाबा हळूच म्हणाले.

"मी... मावशी मनगटावर मारायची. ताट झाक, ताट झाक म्हणून. रोज मारायची." वामनराव म्हणाले. "पण का ते..."

"वर बघ."

वामनरावांनी वर बघितलं. मठाचं जुनं छप्पर. सागाची तुळई, वासे, कौलं. चुलीचा धूर खाऊन खाऊन सगळं काळंभोर झालेलं. वाशांना काजळीचे लोंबते धागे.

"काय दिसतं?"

"काजळी."

"सगळ्या गावाची घरं अशीच होती. हीच काजळी. खाली चूल, चुलीवर उघडं कालवण. ती खाली कधी पडायची?"

वामनरावांची वरची नजर खाली येईना.

"एरवी नाही पडायची," बाबा म्हणाले. "मग कधी पडायची?"

वामनरावांची नजर वाशांवरून स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली.

"मोठा संशोधक ना तू? सांग."

"घर हादरलं की," वामनराव म्हणाले. "बाराच्या बारानं."

आणि मग ते रडले. चांगले पन्नाशीचे, चार माणसं ज्यांना भितात असे प्राध्यापक ढमढेरे, उष्टा हात तसाच धरून ओक्साबोक्शी रडले. तानूबाई दारात आली, बाबांनी डोळ्यांच्या खुणेनं तिला आत पाठवलं.

तोफ मुकी झाली तरी तात्या बुरुजावर कशाला जात होते, ते आता कळलं. बार नव्हता, तरी खाली गाव झाकणं घालत होतं. त्यांच्या बाराची आठवण ठेवून घालत होतं. तो आवाज ऐकायला ते जायचे. पोराला खांद्यावर घेऊन त्यांनी तोच ऐकवला होता. आणि पोर म्हणालं होतं, बायकांची भांडी वाजतायत नुसती.

"ते वेडे नव्हते, बाबा."

"छे."

"मी मात्र..."

बाबांनी त्यांचं मनगट सोडलं.

वामनरावांनी बाहीनं डोळे पुसले. डाव्या हातानंच प्रुफं ओढली, लोकभ्रमाचं पान काढलं, खिशातलं पेन उघडलं. "कसलाही आधार आढळत नाही" या शब्दांवर त्यांनी काट मारली. अंधश्रद्धा या शब्दावर मारली. मग सगळ्या परिच्छेदावरच मारली, आणि समासात काहीतरी लिहायला गेले, तर हात चालेना. इतकी वर्षं लिहिणारा माणूस, पण बापाची गोष्ट सुरू कुठून करायची, हे त्यांना सुचेना. पेन त्यांनी पुन्हा खिशाला लावलं.

"हुसेनबीकडं आज संध्याकाळी मीच जातो," ते म्हणाले. "टिपऱ्या द्या म्हणतो. शिळेच्या आधी त्याच ठेवतो दारात. ज्यांना ज्यांना परत पाठवलं, त्यांच्या घरी जातो."

"जा."

"पाथरवटाला थांबवतो."

"थांबव."

वामनरावांनी ताटाकडं बघितलं. कागद अजून ताटावरच होता. तेलाचा डाग आता रेघेपर्यंत चढला होता, आणि ज्या जागी रखमाजी ढमढेऱ्यांचं नाव यायचं होतं, तिथं पलीकडचं पिठलं दिसायला लागलं होतं.

"आणि तात्यांचं, बाबा?" त्यांनी विचारलं. "तात्यांच्या नावाचं काय करू?"

गिरीबाबांनी आपल्या ताटावरचा हात उचलला. त्यांनीही आतापर्यंत आपलं ताट हातानं झाकलेलंच ठेवलं होतं. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"काढ आता झाकण," ते म्हणाले. "बार झाला."